तिथी आणि तारीख

"एवढा छोटा आर्मी होता त्यांचा. मग हरायचं ना सरळ! उगाच टिकून बसले, आणि आता मी लिहीत बसलीये."

निधी टेबलाशी स्वतःशीच कुरकुरत होती. लंडनच्या हीथ्रो विमानतळालगत, हाउन्सलोच्या त्या घरात स्वयंपाकघर आणि जेवणाची खोली यांच्यामधल्या भिंतीला एक खिडकीवजा भोक होतं. नीनाच्या सासऱ्यांनी, म्हणजे अप्पांनी, ते स्वतःच्या हातांनी पाडलं होतं, त्यामुळे ते एका बाजूला कललेलं होतं. त्यातून नीनाला मुलीची पाठ दिसायची आणि कुरकुर ऐकू यायची. दोन्हींवरून अभ्यास कुठवर आलाय ते कळायचं. आज काही पहिल्या पानापलीकडे गेलेला दिसत नव्हता.

"कोण टिकून बसलं?" कांदा चिरता चिरता नीनाने विचारलं.

"क्रूसेडर्स, आई. जेरुसलेम जिंकला, मग मोस्टली सगळे घरी परत गेले. थोडेसेच राहिले. चारी साइडने एनिमी. तरी पहिले तीस वर्ष कोणी त्यांना काढू शकला नाही. व्हाय? डिस्कस."

"मग कर डिस्कस."

"तूच कर. पुस्तक तर तूच वाचलंयस."

हे मात्र खरं होतं. नीनाचं कॉलेज लग्नापायी दुसऱ्या वर्षाला सुटलं ते सुटलंच. त्यानंतरचं तिचं सगळं शिक्षण दुसऱ्यांच्या पुस्तकांवर झालेलं. निधीच्या ज्वालामुखींपासून ट्यूडर राजाच्या बायकांपर्यंत सगळं तिने हीथ्रोवरच्या दुकानात, परफ्यूम विकता विकता, मधल्या ब्रेकमध्ये वाचून काढलं होतं. परीक्षा द्यायची नसली की वाचलेलं अंगी लागतं, असं तिचं मत.

या वेळच्या धर्मयुद्धांच्या पुस्तकात कारणं बरीच होती. किल्ले होते. इटलीहून गलबतं भरभरून माणसं आणि सामान यायचं. राजे चिवट निघाले. गावच्या शेतकऱ्यांना फारसं कुणी छेडलं नाही. आधी एकाला सारा द्यायचे, आता दुसऱ्याला देऊ लागले, इतकंच. एका राजाने तर आर्मेनियन घरातली मुलगी केली आणि त्या मुलखाचा जावई होऊन बसला. हे सगळं ठीक. पण नीना अडकली ती वेगळ्याच ठिकाणी. आजूबाजूचे अमीर, म्हणजे मुसलमान सरदार, एकमेकांशी बोलत नव्हते. सुरुवातीला अलेप्पो आणि दमास्कस ही शहरं चक्क सख्ख्या भावांच्या हातात होती, आणि त्या भावाभावांत विस्तव जात नव्हता. पुढे मोसुलहून मदतीला फौज आली, तेव्हा अलेप्पोवाल्याने आपल्याच शहराचे दरवाजे लावून घेतले. परका परवडला, पण आपला नको. पुस्तकात याला एक लांबलचक शब्द होता. नीनाच्या सासरी याला अबोला म्हणत.

अप्पा गेले त्याला येत्या नोव्हेंबरात एकोणीस वर्षं होत होती. त्यांना तीन मुलगे. थोरला उल्हास स्लाऊला, धाकटा मोहन रेडिंगला, आणि मधला सतीश, म्हणजे नीनाचा नवरा, अप्पांजवळ याच घरात. अप्पांनी घर तिघांच्या नावावर ठेवलं आणि डोळे मिटले. पहिलं वर्षश्राद्ध आलं तेव्हा उल्हास म्हणाला तिथीने करायचं, कार्तिक शुद्ध अष्टमीला. मोहन म्हणाला, इंग्लंडात माणूस तारखेने मरतो, सतरा नोव्हेंबरला करायचं. त्यावरून शब्दाला शब्द वाढला. तिथीवरून गाडी अप्पांच्या औषधांवर गेली, औषधांवरून कोण किती वेळा भेटायला आलं त्यावर, आणि शेवटी दोघांनी एकमेकांचं नाव टाकलं. तेव्हापासून या घरात एका माणसाची दोन श्राद्धं होऊ लागली. फोटो इथे, म्हणून दोघंही इथेच यायचे, आपापल्या दिवशी. नीना दोनदा खीर करायची, दोनदा वडे तळायची आणि मनातल्या मनात अप्पांना म्हणायची, मजा आहे बुवा तुमची.

तक्रार मात्र तिने कधी केली नाही. घर विकायचं तर तिघांच्या सह्या लागणार, आणि त्यासाठी आधी थोरल्याने आणि धाकट्याने एका टेबलाशी बसायला हवं. ते बसत नव्हते म्हणून नीनाच्या आणि निधीच्या डोक्यावर हे छप्पर होतं. तिच्या दुकानातल्या पगारात लंडनच्या आसपास दुसरं छप्पर मिळण्यासारखं नव्हतं, हे तिला चांगलं ठाऊक होतं. आग काही तिने लावली नव्हती. विझवायला बादलीही कधी आणली नाही.

राहता राहिला सतीश. सहा वर्षांपूर्वी तो कॉन्ट्रॅक्टवर कार्डिफला गेला. आधी दर शुक्रवारी यायचा, मग महिन्यातून एकदा, मग नुसता दिवाळीचा फोन. तरी सासरच्या प्रत्येकाच्या तोंडी एकच वाक्य: सतीश आला की बघू. बॉयलर गळतोय? सतीश आला की बघू. निधीच्या युनिव्हर्सिटीचं काय? सतीश आला की. स्लाऊवाले म्हणायचे, रेडिंगवाले म्हणायचे, आणि खरं तर नीनाही म्हणायची. एका दिवाळीला तो फोनवर बोलत असताना पाठीमागे एक लहान मूल रडायला लागलं, आणि "आलो हं, सोन्या," असं तो म्हणाला. ते नीनाला म्हटलेलं नव्हतं. तिने फोन ठेवला आणि आमटीला फोडणी दिली. निधीला काही सांगितलं नाही. सांगणार कसं? निधी युनिव्हर्सिट्यांच्या नावांत कार्डिफ सगळ्यांत वर ठेवून होती. बाबांजवळ राहता येईल म्हणून.

तर त्या कुरकुरीच्या संध्याकाळीच फोन आला.

"नीना, उल्हास बोलतोय. यंदा अष्टमी सतरा तारखेला आलीये. शनिवार आहे. येतो आम्ही."

फोन ठेवून ती भिंतीवरच्या कॅलेंडरपाशी गेली. मोहनसाठी म्हणून सतराच्या चौकोनाला तिने कधीच गोल करून ठेवला होता. त्याच चौकोनात खाली, मुंगीएवढ्या अक्षरांत, अष्टमी छापलेली होती. इतक्या वर्षांत कधी आठवड्याचं, कधी पंधरवड्याचं अंतर असायचं, आणि तेवढ्यात भांडी घासून, घर झाडून, दुसऱ्याच्या स्वागताला ती नव्याने तयार व्हायची. आता दोघांसाठी एकच चौकोन होता.

निधीने कॉम्प्युटरवर शोधून काढलं. "दर एकोणीस वर्षांनी मून परत त्याच डेटला येतो, आई. कूल ना?"

"हो ना," नीना म्हणाली. "फारच."

तिने लगेच मनाशी आखणी केली. थोरले दुपारी येतील, जेवून तीनपर्यंत जातील. धाकट्याला संध्याकाळवर ढकलायचं. तिने रेडिंगला फोन लावला.

"मोहनभावजी, सतराला जरा उशिरा याल का? दुपारी माझी शिफ्ट आहे."

"शिफ्ट? अहो वहिनी, दादा दुपारी येतोय ना? मीच घेऊन येणार आहे त्याला. स्लाऊ वाटेतच तर आहे."

नीनाने रिसीव्हर या कानाचा त्या कानाला लावला. अठरा वर्षांत मोहनच्या तोंडून 'दादा' हा शब्द तिने ऐकला नव्हता. तो 'स्लाऊवाले' म्हणायचा. फारच प्रेम उतू चाललं तर 'ते सद्गृहस्थ'.

"तुम्ही बोलता होय आता?"

"मग काय! वय झालं सगळ्यांचं. किती दिवस धरून बसायचं?" मोहन हसला. हसू चांगलं होतं, आणि म्हणूनच नीनाचा त्यावर विश्वास बसेना. "आणि हो वहिनी, थोडं बोलायचंही आहे. भेटलो की बोलू."

त्या आठवड्यात पुस्तक तिने पुन्हा काढलं. परफ्यूमच्या दुकानामागच्या खोलीत, सँडविच खात, ती एका लढाईपाशी आली. क्रूसेडर्सच्या अँटिओकची अख्खी फौज त्या लढाईत कापली गेली. शहर उघडं पडलं. जिंकलेला अमीर इल्गाझी तसाच चालून गेला असता तर खेळ आटोपला होता. पण गडी विजयाच्या आनंदात जो प्यायला बसला तो आजारी पडेपर्यंत, आणि तोवर जेरुसलेमचा राजा येऊन पोचलाही. नीनाला हा इल्गाझी मनापासून आवडला. शत्रू असावा तर असा. पुढच्या प्रकरणात मात्र एक झेंगी नावाचा माणूस आला. त्याने आधी मोसुल घेतलं, मग अलेप्पो. दोन्ही एका मुठीत. त्या ओळीशेजारी, लायब्ररीच्या आधीच्या कुणा वाचकाने पेन्सिलने एक उद्गारचिन्ह काढून ठेवलं होतं. नीनाने ते बोटाने पुसून बघितलं. पुसलं गेलं नाही.

"निधी, त्या झेंगीचं पुढे काय झालं ग?" घरी आल्यावर तिने विचारलं.

"तो माझ्या क्वेश्चनमध्ये नाहीये."

"नसू दे. मला सांग."

"त्याने क्रूसेडर्सची एक सिटी घेतली. एडेसा. आय थिंक क्रिसमसच्या आदल्या दिवशी." निधीने पेनचं टोपण चावलं. "पण मला फक्त अर्ली डिकेड्स विचारलेत. टिकले का, एवढंच. नंतरचा नाही विचारला."

"त्यांना कळलं असेल का, सगळे एक होतायत म्हणून?"

"कोणाला, एडेसावाल्यांना? आई, नऊशे वर्षं झाली. तू ना फार मनाला लावून घेतेस."

शनिवारी दुपारी एकच गाडी दाराशी थांबली. नीना वरच्या खिडकीत पडद्याआड उभी होती. पुढे मोहन आणि त्याच्या शेजारी उल्हासदादा. मागे दादांची बायको, मधुमतीवहिनी, मांडीवर पिशवी घेऊन. दोघं भाऊ उतरले आणि तिथेच, फुटपाथवर उभे राहून, दोघांनीही मान वर करून छपराकडे पाहिलं. एकाच वेळी. मोहनने बोट दाखवून काहीतरी म्हटलं आणि दादांनी मान हलवली.

आत आल्यावर सगळेच फार गोड वागले. इतकी वर्षं मधुमतीवहिनींनी या घरात पाऊल टाकलं की आधी नाक मुरडायच्या. कार्पेट तेच, पडदे तेच, मसाल्याचा वास तोच. आज त्यांनी नीनासाठी लोकरीचं कार्डिगन आणलं होतं, चांगल्या दुकानातलं.

"घालून बघ ग. तुला शोभेल. थंडी कसली पडलीये!"

"कशाला वहिनी एवढं?"

"अग, घे. आमचं आणखी कोण आहे इकडे?" असं म्हणून त्यांनी नीनाच्या गालावरून हात फिरवला. त्यांचा हात गार होता.

दादा बागेत गेले आणि मागच्या कुंपणापर्यंत सावकाश चालत जाऊन परत आले. मोहनने तेवढ्यात बॉयलरचं कपाट उघडून बघितलं, वरच्या बाथरूमचा नळ सोडून बघितला, आणि खाली येऊन म्हणाला, "घर छान ठेवलंत हं वहिनी." घराबद्दल इतकं बरं या माणसाच्या तोंडून आजवर निघालं नव्हतं. विमान डोक्यावरून गेलं तसे सगळे सवयीने गप्प झाले. 

विधी झाला. दादांनी पोथीतलं वाचलं, मोहनने पळीने पाणी सोडलं. एकानेही दुसऱ्याची चूक काढली नाही. मग पान घेऊन सगळे मागच्या दारात आले, आणि नीनाने ते शेडच्या छपरावर ठेवलं. आता इथे दरवर्षीची अडचण असायची. हाउन्सलोत कावळे आहेत, पण ते नेमके श्राद्धाच्या दिवशी दुसरीकडे जेवायला जातात. मोहनचं म्हणणं, कुठलाही पक्षी चालतो, अप्पांना काय कळतंय. दादा मात्र अंधार पडेपर्यंत कोट घालून उभे राहायचे, पण कावळ्याशिवाय घरात यायचे नाहीत. एका वर्षी तर नीनाने त्यांना बाहेरच चहा नेऊन दिला होता.

शेडवर एक मॅगपाय उतरली. काळीपांढरी, लांब शेपटीची, जरा आगाऊ. तिने इकडेतिकडे बघितलं आणि वडा उचलला.

नीनाने दादांकडे पाहिलं. दादांनी मोहनकडे पाहिलं.

"चालेल," उल्हासदादा म्हणाले. "पक्षी तो पक्षी. चला, पानं घ्या."

 कावळ्यावरून जो माणूस अठरा वर्षं हटला नव्हता तो आज मॅगपायवर राजी झाला, म्हणजे आतल्या आत काय काय ठरून गेलं असेल? स्वयंपाकघरात येऊन तिने खिरीच्या पातेल्यावरचं झाकण काढलं आणि परत ठेवलं. मधुमतीवहिनी मागोमाग आल्या. "तू बस, मी वाढते," त्या म्हणाल्या. या घरात त्या पहिल्यांदाच वाढत होत्या. वाट्या कुठल्या कपाटात आहेत हे त्यांना विचारावं लागलं नाही. त्या एकेक कपाट उघडून, आत नीट बघून, मग बंद करत होत्या.

जेवणं झाली. सगळं संपलं, अगदी कारल्याची भाजीसुद्धा. निधी चहाचा ट्रे घेऊन आली आणि कोपऱ्यातल्या खुर्चीत पाय वर घेऊन बसली. दादांनी घसा खाकरला.

"नीना, आम्ही दोघांनी एक विचार केलाय."

आम्ही दोघांनी. नीनाने कप खाली ठेवला.

"घरांचे भाव सध्या वर आहेत. पुढच्या वर्षी पडतील म्हणतात. हे घर आता काढून टाकावं. उगाच एवढा पसारा तू एकटीने किती दिवस ओढायचा?"

"मला जड नाही होत, दादा."

"तुझ्यासाठी फ्लॅट बघून ठेवलाय," मधुमतीवहिनी घाईने म्हणाल्या, "आमच्याच रस्त्याच्या टोकाला. भाड्याचा आहे, पण ऊन येतं ग छान! एक बेडरूम, तरी ऐसपैस आहे."

"आम्ही दोघी आहोत, वहिनी."

"निधी जाईलच ना आता शिकायला. आणि कायमचं कुठे आहे? सतीश येईपर्यंत."

"सतीश आला की तुम्ही तुमचं मोठं काहीतरी बघाल," मोहनने जोडलं.

"हे त्यांना विचारलंत?"

"विचारलं. त्याची काही हरकत नाही. सही करायला तयार आहे तो."

"फोनवर विचारलंत?"

मोहनने दादांकडे बघितलं. "नाही. गेलो होतो आम्ही त्याच्याकडे. मागच्या रविवारी."

"दोघं?"

"तिघं," मधुमतीवहिनी म्हणाल्या, आणि म्हटल्यावर त्यांनी पदर सारखा केला.

कोपऱ्यातली खुर्ची करकरली. "तुम्ही बाबाकडे गेला होता?" निधी सरळ बसली होती. "मला का नाही सांगितला? मी आली असती! कसा आहे तो? घर कसा आहे त्याचा?"

  दादा पोथीचं कापड घडी करू लागले, ते आधीच घडी केलेलं होतं.

"बरा आहे ग," मधुमतीवहिनी शेवटी म्हणाल्या. "कामात असतो बिचारा. तुझी फार आठवण काढतो."

"मग येणार कधी? क्रिसमसला येईल?"

"क्रिसमसला... बघू. येईल ना. काय हो?"

"येईल की," मोहन म्हणाला. "न यायला काय झालं?"

निधीचा चेहरा उजळला. नीना तिच्याकडे बघत राहिली. सहा वर्षं या एका वाक्याआड ती मुलीला घेऊन बसली होती, आणि तिला वाटत आलं होतं की हे वाक्य आपलं आहे, आपल्या बाजूचं. आता तेच वाक्य घेऊन ही तीन माणसं तिच्या टेबलाशी बसली होती, आणि अगदी मायेने, हाताला धरून, तिला दाराकडे नेत होती. आणि ती 'बरं' म्हणाली, तर स्लाऊच्या त्या उन्हाच्या खोलीत बसून हीच माणसं दर महिन्याला येऊन म्हणतील, सतीश आला की बघू. निधी कार्डिफच्या गाडीत बसेपर्यंत म्हणतील. पत्ता हातात घेऊन ती त्या दारापाशी जाईल, बेल वाजवेल, आणि दार उघडायला कोण येईल हे तिला सोडून सगळ्यांना माहीत असेल.

"घाई नाही ग," दादा म्हणाले. "कागद होईपर्यंत नवं वर्ष उजाडेल. तू फक्त हो म्हण. बाकी सतीश आला की..."

"निधी, इकडे ये," नीना म्हणाली. "माझ्याजवळ बस."

निधी उठून आली. आईचा आवाज तिला ओळखीचा वाटला नसावा, कारण ती काही न विचारता शेजारच्या खुर्चीत बसली. नीनाने तिचा हात धरला.

"वहिनी, आत्ता कशाला," मोहन पुटपुटला. त्याला कळलं होतं.

"नीना, पोरीसमोर नको," मधुमतीवहिनी म्हणाल्या.

"पोरीसमोरच. मघाशी तुम्ही तिच्यासमोरच बोललात ना, येईल म्हणून?"  नीनाने निधीचा हात सोडला नाही. "दादा, तुम्ही तिघं त्या घरात बसून चहा घेऊन आलात. त्यांच्या बाईच्या हातचा. मूल मांडीवर आलं असेल तुमच्या. मला सगळं माहीत आहे, आणि मला माहीत आहे हे तुम्हालाही माहीत आहे. निधी, बाळा, बघ माझ्याकडे. बाबांचा संसार आता तिकडे आहे. हे घर विकायचं की नाही ते यापुढे माझ्याशी बोला, वकिलासमोर बोला, मी कुठेही बसायला तयार आहे. पण त्यांचं नाव घेऊन बोलू नका. सतीश येणार नाही."